‘डेंजर’ लिहिलंय, पण किती? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

औषधाचा डबा, विजेचं रोहित्र, नदीवरची मोजपट्टी, बंदरावरचा बावटा, रेल्वेचा सिग्नल. सगळीकडे डेंजर हाच शब्द भेटतो, पण त्याचं वजन सगळीकडे सारखं नसतं. प्रत्येक पद्धतीत इशाऱ्याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात आणि डेंजर त्यातली एक पायरी असते. कुठे सर्वांत वरची, कुठे मधली. वाचकांकडून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे घेतले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. डेंजर, हॅझर्ड, रिस्क, वॉर्निंग, कॉशन... सगळ्यांना मराठीत धोकाच म्हणायचं ना?

बोलताना चालून जातं, कामाच्या ठिकाणी गोंधळ होतो. हॅझर्ड म्हणजे इजा करू शकणारी वस्तू किंवा स्थिती: आम्लाची बाटली, उघडी तार, ओली फरशी. रिस्क म्हणजे जोखीम, म्हणजे इजा होण्याची शक्यता किती आणि झालीच तर ती किती मोठी, या दोन्हींचा मिळून अंदाज. कुलूपबंद कपाटातली आम्लाची बाटली हा हॅझर्ड आहेच, पण जोखीम थोडी. तीच बाटली झाकण काढून प्रयोगशाळेच्या ओट्याच्या कडेला ठेवली की हॅझर्ड तेवढाच राहतो, जोखीम मात्र कैकपट होते. म्हणून सुरक्षा अधिकारी ‘हॅझर्ड ओळखा, रिस्क कमी करा’ असं म्हणतात; उलटं म्हणत नाहीत. डेंजर, वॉर्निंग आणि कॉशन हे पाटीवरचे इशाऱ्याचे शब्द. त्यांची चढण कशी लागते ते प्रश्न ३, ४ आणि ७ मध्ये पाहा.

२. ‘इन डेंजर’ आणि ‘डेंजरस’ यांत माझा नेहमी घोटाळा होतो. सोपी खूण आहे का?

धोका कुणाला आणि धोका कुणापासून, एवढं विचारा. ‘ही इज इन डेंजर’ म्हणजे त्याच्या जिवाला धोका आहे. ‘ही इज डेंजरस’ म्हणजे त्याच्यापासून इतरांना धोका आहे. इंग्रजी तक्रार अर्जात ही चूक झाली तर पीडित माणूसच आरोपी ठरतो, त्यामुळे हे वाक्य दोनदा तपासा.

‘डेंजर ऑफ’च्या पुढे घडू शकणारी गोष्ट येते (डेंजर ऑफ फायर), ‘डेंजर टू’च्या पुढे ज्याला इजा होईल तो येतो (डेंजर टू लाइफ). डॉक्टर ‘आउट ऑफ डेंजर’ म्हणतात तेव्हा जिवावरचं तातडीचं संकट टळलं, इतकंच समजायचं. पेशंट बरा झाला किंवा घरी न्यायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ नाही.

‘एन्डेंजर्ड’ हा वन्यजीवांसाठीचा शब्दही पायरीचाच आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत बिबट्या ‘व्हल्नरेबल’ आहे, वाघ त्याच्या वरच्या ‘एन्डेंजर्ड’ पायरीवर आणि सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर एकेकाळी हमखास दिसणारा माळढोक त्याहून वरच्या ‘क्रिटिकली एन्डेंजर्ड’वर.

३. कारखान्यातल्या मशीनवर एका ठिकाणी डेंजर, दुसरीकडे वॉर्निंग, तिसरीकडे कॉशन असे स्टिकर आहेत. हे उगाच वेगवेगळे लिहिलेत का?

नाही. भोसरी-चाकणच्या शेडमध्ये दिसणाऱ्या आयात मशीनवर बहुतेक वेळा अमेरिकी झेड ५३५ मानकातले शब्द असतात आणि त्यांचे अर्थ काटेकोर ठरलेले आहेत. डेंजर: टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच. वॉर्निंग: मृत्यू किंवा गंभीर इजा होऊ शकते. कॉशन: किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते. डेंजरची पट्टी लाल, वॉर्निंगची नारिंगी, कॉशनची पिवळी. निळ्या पट्टीवर ‘नोटीस’ असेल तर तिथे माणसाच्या इजेचा प्रश्न नसतो, मशीन किंवा मालाचं नुकसान होऊ शकतं.

म्हणजे इथे डेंजर सर्वांत वरची पायरी. लाल पट्टीचा स्टिकर सोलून निघाला असेल तर नवीन लावल्याशिवाय त्या भागाचं गार्ड उघडायला कुणालाही सांगू नका.

४. कीटकनाशकाच्या डब्यावरच्या निळ्या त्रिकोणावर डेंजर लिहिलंय आणि लाल-पिवळ्यावर पॉयझन. मग डेंजर हे जास्त की कमी?

कमी. सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि नीट समजून घ्यावा असाही हाच.

भारतात कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे लेबलवर कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन छापतात. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात चिन्ह आणि शब्द, खालच्या अर्ध्या भागात रंग; त्यालाच बोलताना त्रिकोण म्हणतात. रंग कोणता हे एलडी ५० या आकड्यावरून ठरतं. चाचणीतल्या निम्म्या प्राण्यांचा जीव घेणारी मात्रा म्हणजे एलडी ५०. ती शरीराच्या दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम, अशी सांगतात. आकडा जितका लहान, तितकं विष जहाल. तोंडावाटे पोटात गेल्यास उतरंड अशी आहे:

लाल – १ ते ५० मिलिग्रॅम. कवटी आणि लाल अक्षरात ‘पॉयझन’. अत्यंत विषारी.
पिवळा – ५१ ते ५००. लाल अक्षरात ‘पॉयझन’, पण कवटी नाही. अति विषारी.
निळा – ५०१ ते ५०००. ‘डेंजर’. मध्यम विषारी.
हिरवा – ५००० च्या वर. ‘कॉशन’. सौम्य विषारी.

त्वचेवाटे शिरणाऱ्या विषाचे आकडे वेगळे आहेत: लाल २०० पर्यंत, पिवळा २०१ ते २०००, निळा २००१ ते २०,०००, हिरवा त्याच्या वर. फवारणी करणाऱ्याच्या अंगात विष तोंडावाटे क्वचित जातं. ते जातं ओल्या शर्टातून, मानेवरून, हातांवरून आणि श्वासातून. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे बळी गेले, ते असेच.

म्हणून कृषी सेवा केंद्रात डबा हातात घेतल्यावर आधी रंग बघा, मग शब्द. ‘याच्यावर डेंजर आहे आणि त्याच्यावर नाही’ एवढ्यावरून पिवळ्या त्रिकोणाचं औषध सौम्य समजणं ही जिवावर बेतणारी चूक आहे.

५. हिरवा त्रिकोण आहे, मग हातमोजे आणि मास्कशिवाय फवारलं तर चालेल का?

चालणार नाही. त्रिकोण फक्त तातडीच्या विषबाधेबद्दल बोलतो. डोळ्यांची जळजळ, त्वचेची ॲलर्जी, वर्षानुवर्षांच्या संपर्काचे परिणाम, मधमाश्या आणि मासे यांच्याबद्दल त्या रंगातून काहीच कळत नाही. त्यासाठी डब्यासोबतचं माहितीपत्रक वाचावं लागतं. मॅन्कोझेब हे हिरव्या त्रिकोणाचं बुरशीनाशक, पण त्याने त्वचेची ॲलर्जी उठू शकते.

दुसरं, सर्वांत जास्त जोखीम असते ती औषध मोजून पंपात ओतताना, कारण तेव्हा ते निर्भेळ असतं. हातमोजे खरे तेव्हाच लागतात, आणि नेमके तेव्हाच ते काढून ठेवलेले असतात. कापडी रुमाल थेंब थोडेफार अडवतो, वाफ अडवत नाही. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका. मऊ ब्रश आणि पाणी वापरा. वारा पाठीवर घेऊन चाला. दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळली तर कोणत्याच डब्यावरचा रंग त्या मिश्रणाला लागू होत नाही. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच टाका, मग डब्याला भोक पाडा म्हणजे कुणी त्यात पाणी किंवा तेल भरणार नाही.

६. पिवळा लालपेक्षा खाली आहे, म्हणजे उपचार मिळाले तर माणूस वाचतोच ना?

नाही. पॅराक्वाट डायक्लोराइड २४ टक्के हे तणनाशक पिवळ्या त्रिकोणात येतं आणि त्यावर उतारा नाही. घोटभर पोटात गेलं तरी वाचवणं फार कठीण असतं, कारण काही दिवसांत फुफ्फुसं निकामी होत जातात. उलट लाल त्रिकोणातल्या काही ऑर्गॅनोफॉस्फरस औषधांवर ॲट्रोपिनसारखा उतारा आहे आणि वेळेत पोहोचलेला माणूस वाचू शकतो. किती मात्रा घातक हे रंगावरून कळतं. उपचार आहे की नाही हे लेबलवरच्या ‘अँटिडोट’ या ओळीत असतं.

विषबाधा झाली तर अंगावरचे कपडे काढा आणि साबण-पाण्याने अंग धुवा. डोळ्यांत गेलं असेल तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाणी सोडा. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय उलटी करवू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणीही घालू नका. १०८ वर फोन करा आणि डबा किंवा माहितीपत्रक दवाखान्यात सोबत न्या. ‘कसलंतरी औषध होतं’ यावरून डॉक्टरांना उतारा ठरवता येत नाही.

७. एकाच रसायनावर परदेशी बाटलीत वॉर्निंग आणि आपल्या डब्यावर डेंजर. खरं कुणाचं?

दोन्ही आपापल्या पद्धतीत बरोबर. परदेशी बाटलीवर संयुक्त राष्ट्रांची जीएचएस ही पद्धत असते. तिची पहिली आवृत्ती २००३ ची. तिच्यात शब्द दोनच: डेंजर वरचा, वॉर्निंग खालचा. एका लेबलवर दोन्ही कधीच येत नाहीत. डेंजर लागू झाला की वॉर्निंग गळतो. एलडी ५० चा आकडा ३०० पर्यंत असेल तर कवटी आणि डेंजर, ३०० ते २००० असेल तर उद्गारचिन्ह आणि वॉर्निंग. आता १००० आकड्याचं रसायन घ्या. जीएचएसमध्ये ते वॉर्निंग, आपल्या कीटकनाशक नियमांत निळा त्रिकोण आणि डेंजर. २०० आकड्याचं घ्या. तिकडे डेंजर, इकडे पिवळा आणि पॉयझन.

आणखी एक फरक: जीएचएसमधला डेंजर विषाबद्दलच असेल असं नाही. ॲसिटोनच्या बाटलीवर तो असतो, कारण ते चटकन पेट घेतं. लाल चौकटीतलं चित्र आणि एचने सुरू होणारा क्रमांक बघा. एच २०० च्या मालिकेत आग आणि स्फोट, ३०० मध्ये आरोग्य, ४०० मध्ये पर्यावरण.

८. रोहित्रावर ‘४४० व्होल्ट – डेंजर’ आणि कवटी असते. घरात तर २३० व्होल्टच. मग घरात तेवढा धोका नाही, असं समजायचं का?

मुळीच नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत २५० व्होल्टच्या वरच्या यंत्रणेवर कवटी आणि हाडांची पाटी सक्तीची केली आहे; हिंदी किंवा इंग्रजी आणि जिल्ह्याची भाषा, असा मजकूर हवा. पाटीचा नमुना भारतीय मानक २५५१ मधला. २५० ही रेषा पाटी कुठे लावायची याची आहे. त्याखाली शॉक बसून माणूस मरत नाही, असं तिने कुठेच म्हटलेलं नाही. ओल्या हाताने, अनवाणी, २३० व्होल्टला चिकटलेला माणूस दगावतो. घरात कवटीची पाटी लागत नाही, तिथे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि महिन्यातून एकदा तिचं ‘टेस्ट’ बटण दाबून ती पडते का बघा. अर्थिंग नसलेल्या घरातही ती जीव वाचवू शकते, पण अर्थिंगची जागा घेऊ शकत नाही.

९. आमच्या शेतातल्या ११ केव्हीच्या (११,००० व्होल्टच्या) लाइनच्या सिमेंटच्या खांबांवर पाटीच नाही. ती लाइन बंद आहे का?

लाइन चालू आहे असंच धरून चाला. त्याच नियमात एक बारीक तरतूद आहे. ६५० व्होल्टच्या वरच्या लाइनवर पाटी हवी ती शिडीशिवाय सहज चढता येणाऱ्या आधारांवर. पायऱ्या नसलेले सिमेंटचे खांब, रुळांचे खांब, नळीचे खांब, लाकडी खांब हे ‘सहज चढता न येणारे’ मानले आहेत, म्हणून त्यांच्यावर पाटी नसली तरी नियमभंग होत नाही. पाटी नसणे आणि धोका नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अशा लाइनखाली कडब्याची गंजी रचू नका, उसाची उंच भरलेली ट्रॉली उभी करू नका, ॲल्युमिनियमचे स्प्रिंकलर पाइप उभे करून नेऊ नका. ११ केव्हीला तार शिवावी लागत नाही. वस्तू पुरेशी जवळ आली की वीज हवेतून उडी मारते.

१०. तार तुटून पडली आहे आणि ठिणगी नाही. बाजूला करू का?

करू नका. किमान दहा मीटर लांब राहा, इतरांना आणि जनावरांना थांबवा, १९१२ वर कळवा. तारेभोवतीच्या जमिनीत वीज पसरलेली असते; दोन पायांमधल्या अंतरामुळेच शॉक बसतो आणि बैलाचे पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून लांब असल्याने तो आधी पडतो. जवळ असाल तर पावलं न उचलता, एकमेकांना लागूनच सरकवत मागे या. तार ट्रॅक्टरवर पडली असेल तर ट्रॅक्टर पेटला नसेल तर खाली उतरू नका. बांबूने तार सारणं पावसाळ्यात सर्वांत घातक, कारण ओला बांबू वीज वाहून नेतो.

११. नदीची इशारा पातळी आणि धोका पातळी यांत फरक काय?

ठरावीक मोजपट्टीवरचे हे दोन आकडे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा ४० आणि धोका ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं.

धोका पातळी म्हणजे शेवटची पायरी नव्हे. केंद्रीय जल आयोग तिच्या वरच्या पुराला ‘गंभीर’ म्हणतो, आणि आजवरच्या सर्वोच्च पातळीला गाठलं किंवा ओलांडलं की ‘अतितीव्र’. शिवाय हा आकडा मोजपट्टीचा आहे, तुमच्या उंबऱ्याचा नाही. सखल वस्त्यांत धोका पातळीच्या आधीच पाणी शिरतं. आपल्या गल्लीत पाणी किती फुटांना येतं हे मागच्या पुरावरून लिहून ठेवा. इशारा आणि धोका यांच्यामधले चार-पाच फूट हीच तयारीची वेळ: काठावरच्या मोटारी काढणं, जनावरं उंचावर नेणं, कागदपत्रं हलवणं.

१२. बंदरावर ‘तीन नंबरचा धोक्याचा बावटा’ लागला की चक्रीवादळ आलं समजायचं का?

नाही. बातमीत त्याला धोक्याचा म्हणतात, पण बंदराच्या क्रमवारीत डेंजर पाचव्या क्रमांकापासून सुरू होतो. १ आणि २ हे दूरच्या समुद्रातल्या वादळासाठी. ३ आणि ४ स्थानिक सावधगिरीचे. तिसरा म्हणजे बंदरात सोसाट्याचा वारा सुटण्याची शक्यता. ५, ६, ७ हे डेंजर आणि ८, ९, १० ‘ग्रेट डेंजर’. या प्रत्येक गटात क्रमांक बदलतो तो मुख्यतः वादळ बंदराच्या कोणत्या बाजूने जाणार यावरून. म्हणून ६ हा ५ पेक्षा भयंकर असं नाही. ११ म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटला.

मच्छीमारांसाठी मात्र तिसरा क्रमांकही पुरेसा आहे. होडी बाहेर काढू नये, खाडीत आणून नांगरून ठेवावी.

१३. हवामान खात्याचा रेड अलर्ट म्हणजे डेंजर का?

त्या खात्याने रंगांना कृती जोडली आहे. पिवळा: लक्ष ठेवा. नारिंगी: तयार राहा. लाल: कृती करा. पावसासाठी लाल रंग साधारणपणे २४ तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पाऊस अपेक्षित असताना येतो. कीटकनाशकाच्या रंगांशी (प्रश्न ४) याचा संबंध नाही.

१४. रेल्वेत लाल सिग्नलला ‘डेंजर’ म्हणतात. मग मुंबईची लोकल लाल सिग्नल ओलांडून हळू पुढे कशी जाते?

सिग्नल कोणत्या प्रकारचा, यावर ते अवलंबून. खांबावर पांढऱ्या गोल चकतीत काळा ‘ए’ असेल तर तो स्वयंचलित सिग्नल. तो लाल असेल तर मोटरमन गाडी पूर्ण थांबवतो, दिवसा एक आणि रात्री दोन मिनिटं थांबतो, शिटी देतो आणि अडथळा दिसताच थांबता येईल अशा वेगाने पुढे जातो. ही परवानगी नियमातलीच आहे. चकती नसलेला स्टेशनचा सिग्नल लाल असताना असं करता येत नाही. अधिकृत परवानगीशिवाय तो ओलांडला तर रेल्वे त्याची गंभीर घटना म्हणून नोंद करते.

१५. धुक्यात किंवा बोगद्यात गाडीचे हॅझर्ड लाइट लावावेत का?

चालत्या गाडीत नको. चारही दिवे लुकलुकत असताना तुम्ही लेन बदलताय हे मागच्याला कळत नाही, आणि थांबलेली गाडी कोणती, चालणारी कोणती हेही ओळखू येत नाही. खंडाळ्याच्या घाटात धुकं असेल तर लो बीम, असल्यास फॉग लॅम्प, आणि वेग कमी. हॅझर्ड लाइट गाडी बंद पडल्यावर किंवा ओढून नेताना. चौकात सरळ जायचंय हे दाखवायला तर कधीच नको.

१६. स्विचवर ‘डेंजर – डू नॉट ऑपरेट’ टॅग लटकतोय, लावणारा जेवायला गेलाय. काढला तर?

काढायचा नाही. तो टॅग आणि कुलूप ज्याने लावलं त्यानेच काढायचं, कारण मशीनच्या आत कोण आहे हे त्यालाच माहीत असतं. शिफ्ट बदलताना पुढच्या माणसाने आधी आपलं कुलूप लावावं, मग पहिल्याने काढावं. टॅग लावल्यावर स्विच एकदा दाबून मशीन खरंच मेलंय का हे तपासायचं आणि स्विच पुन्हा बंद करायचा. ही पायरी सर्वांत जास्त गाळली जाते.

१७. मराठी पाटी करायची आहे. ‘धोका’ लिहू की ‘सावधान’?

जीव जाऊ शकतो तिथे ‘धोका’, पडझड किंवा खरचटणं असेल तिथे ‘सावधान’. पण एका शब्दावर पाटी सोडू नका. दुसऱ्या ओळीत कशाचा धोका, तिसऱ्या ओळीत काय करायचं नाही: ‘धोका / ११,००० व्होल्ट / कुंपणाच्या आत जाऊ नका’. साइटवर हिंदी वाचणारे कामगार असतील तर हिंदी ओळीत ‘खतरा’ लिहा. हिंदीत ‘धोखा’ म्हणजे फसवणूक. वाचता न येणाऱ्यांसाठी चित्र हवंच. पाटी डोळ्यांच्या उंचीला लावा, तीही धोक्याच्या जागेच्या आधी, माणूस अजून मागे फिरू शकेल अशा अंतरावर. आणि काम संपलं, खड्डा बुजला, की त्याच दिवशी ती काढा. महिनाभर उगाच उभी राहिलेली पाटी लोक पुढच्या खड्ड्यापाशी वाचत नाहीत.